घरच्यांनाही पाचशे

नाव विद्युल्लता असलं तरी तिचं सगळं काम खिडकीतल्या उजेडावर चालायचं, कारण भिवंडीत वीज कधी जाईल याचा नेम नाही. आणि तेही फक्त शुक्रवारी. इमारतीच्या पाठीमागेच कापडाच्या लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. त्याच्या खडखडाटानं फरशी हलायची आणि फरशीबरोबर कॅमेऱ्याचं स्टँडही. शुक्रवारी लूमला सुट्टी, म्हणून फोटो शुक्रवारी.

तयारी अशी जय्यत होती. फक्त पैसे देणारं गिऱ्हाईक नव्हतं. फुकटे मात्र रांगेनं आले. मामेसासूबाई आल्या, नणंदेची मुलगी ओवी आली, सासऱ्यांचे जुने सहकारी सहकुटुंब आले. चहा प्यायले, फोटो काढून घेतले आणि "घरचंच तर आहे" म्हणत उठले. त्या 'घरचंच'नं विद्युल्लताच्या मस्तकात तिडीक जायची.

सासऱ्यांना सगळे भाऊ म्हणत. शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या भाऊंनी बाहेरची खोली तिला स्टुडिओसाठी दिली होती, ती गणपतीपर्यंतच. "तोवर एक तरी बाहेरचं, पैसे देणारं माणूस दाखव. नाहीतर मानकोलीच्या गोदामवाल्या दिनेशरावांना पार्सलं ठेवायला खोली हवीच आहे." नवरा, कुणाल, "बघू" म्हणाला. कुठल्याही प्रश्नावर त्याचा तेवढाच कौल असायचा.

मग तिनं दारावर पाटी लावली: "आई-वडिलांचा एक चांगला फोटो घरात असावा. कायमची आठवण."

चूक झाली ती इथेच. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो म्हटला की लोकांना आधी त्यावरचा हार दिसतो. शेजारच्या सईच्या सासूबाई जिन्यातच कडाडल्या, "आमच्याकडे अजून कोणी गेलेलं नाही बरं!" भाऊ दूध आणायला गेले, तर कोणीतरी विचारलंच, "काय भाऊ, सूनबाईंनी वरचं बुकिंग घेतलंय म्हणे?" भाऊ तणतणत घरी आले. "आधी ती पाटी काढ!"

तिनं पाटी काढली. खाली एक ओळ वाढवली आणि परत लावली: "घरच्यांनाही पाचशे."

तिचे वडील गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा असा फोटोच नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांना कापून मोठं केलं. तेराव्याला पाटावर ठेवलेल्या त्या फोटोत वडिलांच्या खांद्यावर एक हात तसाच राहिला होता, नुसता हात, बोटातल्या अंगठीसकट. तो कुणाचा हे आजवर कळलेलं नाही. त्या हाताचा राग तिच्या पोटात अजून होता. पाटी उतरणार नव्हती.

त्या पाटीपाशी एक दिवस हौसा थांबली. अंबाडी गावाकडच्या पाड्यावरची ही बाई आठवड्यातून दोनदा रानभाजी घेऊन गल्लीत यायची. टोपली उतरवून तिनं विचारलं, "काय लिवलंय?"

विद्युल्लतानं वाचून दाखवलं.

"मंग माझा काढ," हौसा म्हणाली. "आमचा म्हातारा, जिव्या, मेला तवा पोरांनी आधारकार्डाचा फोटो मोठा करून लावला. चोरावानी दिसतो. जन्मात काडीची चोरी केली न्हाय त्यानं. माझा तसा न्हाय लागला पायजे."

विद्युल्लताला एकदम भरून आलं, आणि नको ते तोंडून निघून गेलं, "मावशी, तुमच्याकडून पैसे नकोत."

हौसाचा चेहराच फिरला. "का? मी घरची हाय का तुझ्या? घरच्यांना पाचशे अन् मला फुकट? मी भाजी फुकट देते का तुला?"

हे मात्र खरं होतं. हौसानं एका जुडीचा भाव कधी कमी केला नव्हता. विद्युल्लता ओशाळली. "शुक्रवारी या," ती म्हणाली.

शुक्रवारी हौसा धुतलेलं लुगडं नेसून आली आणि खिडकीशी ताठ बसली.

"मावशी, जरा हसा."

"हसले का गिऱ्हाईक भाव पाडतंय."

आणि तिनं कॅमेऱ्यात अशी रोखून नजर लावली की विद्युल्लतानं हसवायचा नाद सोडला. तिनं बटण दाबलं. जाताना हौसानं पदराची गाठ सोडून पैसे दिले, विद्युल्लतानं ते दोन्ही हातांनी घेतले. कुणालला लगेच फोन करावा इतका आनंद तिला झाला होता. पण तो "बघू" म्हणाला असता, म्हणून तिनं त्याला सांगितलं नाही, आणि भाऊंना चौकटीत बसलेला फोटोच दाखवायचं ठरवलं.

गणपती तोंडावर आले तसे भाऊ दिनेशरावांना खोली दाखवायला घेऊन आले. भिंतीवर हौसाचा फोटो चौकटीत बसून तयार होता. ती तो न्यायला येणारच होती. दिनेशरावांनी फोटो पाहिला, चपला दाराबाहेर काढल्या आणि हात जोडले. "कधी गेल्या?"

भाऊंनीही घाईघाईनं हात जोडले.

"गेले न्हाय," दारातून आवाज आला. "आले हाय. माझा फोटो घ्याला आले."

टोपली डोक्यावर, तीच नजर. दिनेशरावांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा दाराकडे. भाऊंनी जोडलेले हात हळूच सोडवले आणि सुनेला विचारलं, "यांनी पैसे...?"

"दिले की," हौसा म्हणाली. "रोख."

दिनेशराव फोटोसमोरून हलेचनात. खोलीची लांबी-रुंदी त्यांनी विचारलीच नाही. "माझी आई वज्रेश्वरीला असते," ते म्हणाले. "ऐंशीची आहे. तिचा एक धड फोटो नाही आमच्याकडे. किती घेता, ताई?"

भाऊंच्या तोंडून सवयीनं निघालंच, "अहो, तुमच्याकडून कसले पैसे! तुम्ही तर घरचे..."

"पाचशे," विद्युल्लता म्हणाली. "आणि आईंना शुक्रवारी घेऊन या. इथेच, याच खोलीत."