डूलवाल्या कोंबड्या

दोमितिलाने आणखी एक अंडे चुलीच्या काठावर हलकेच टिचवले. आकाशी कवचाच्या आत पूर्ण वाढलेले पिल्लू होते, मेलेले. दोन्ही कानांशी ओल्या पिसांचे झुबके. तिने ते आधीच्या पिल्लांशेजारी फडक्यावर ठेवले.

"यंदाही?" दारात बूट काढत तिच्या नवऱ्याने, सेगुन्दोने विचारले.

तिने मान हलवली. अंगणातली प्रत्येक कोंबडी डूलवाली, म्हणजे कानांशी असे झुबके असलेली असावी आणि तिने आकाशी अंडे द्यावे, असे तिने मनाशी ठरवले होते. म्हणून ती डूलवाल्या कोंबड्यांना डूलवालाच कोंबडा लावत होती, आणि दर वर्षी पिल्ले कवचातच मरत होती. जोडीतला एक साधा हवा, असे आई सांगायची. आईला डूलवाला कोंबडा डूलवालींवरच वाया घालवायचा नसेल, असे तेव्हा तिला वाटले होते.

साधे कोंबडे बाजारात ढिगाने होते, पण त्यांच्यापासून झालेल्या कोंबड्यांच्या अंड्यांवर तपकिरी झाक चढे. आईच्या वाणाचा साधा कोंबडा एकाच घरी होता, बुदी तळ्यापलीकडे, धाकट्या बहिणीकडे, क्लोरिंदाकडे.

सेगुन्दोने काढलेला बूट पुन्हा पायात घातला.

"होडी पाण्यात ढकलतो," तो म्हणाला.

आई गेल्यावर कोंबड्यांची वाटणी दोमितिलानेच केली होती. डूलवाल्या सगळ्या स्वतःकडे, क्लोरिंदाकडे साध्या. क्लोरिंदाने एकच डूलवाली मागितली, तर दोमितिला म्हणाली, कळप फोडायला नको. तेव्हापासून दोघी फक्त मयताला भेटत.

तिने सर्वांत देखणी, राखी रंगाची कोंबडी टोपलीत घातली.

तळ्यापलीकडे क्लोरिंदाने तिला आपल्या चुलीजवळ बसवले. रीतीप्रमाणे घरच्या सगळ्यांची तब्येत विचारली, मग मेंढ्यांची, बटाट्यांची. दोमितिलानेही विचारले. बाकाखाली टोपलीतली कोंबडी कुरकुरत होती. दोघींनीही तिकडे पाहिले नाही. अखेर दोमितिलाने मेलेल्या पिल्लांचे सांगितले.

"आई सांगायची ना तुला?"

"सांगायची."

"मग?"

"मला सगळ्याच देखण्या हव्या होत्या."

क्लोरिंदा वाकली, कोंबडी उचलून मांडीवर घेतली. कानाजवळच्या झुबक्यावर हळूच फुंकर घातली. बराच वेळ ती त्या पिसांकडे पाहत राहिली.

"हिच्या बदल्यात कोंबडा मागायला आलीस."

"हो."

"कोंबडा नाही द्यायची मी."

दोमितिलाने टोपली जवळ ओढली. पण क्लोरिंदाने कोंबडी परत दिली नाही.

"तुझ्या सगळ्या कोंबड्या इकडे आण," ती म्हणाली. "खुराडं मोठं आहे. अंडी मात्र तू येऊन वेचायचीस. मला तुझी चाकरी नाही जमायची."

"रोज यायचं?"

"का, रविवारी कोंबड्या सुट्टी घेतात?"

दोमितिला हसली नाही, पण तिने टोपली पायाने बाकाखाली सरकवली.

क्लोरिंदाने तुंब्यात येर्बाच्या, चहासारख्या पत्तीवर गरम पाणी ओतून तो तिच्या हाती दिला. तळ्यावर वारा सुटला होता, सेगुन्दो होडीत ताटकळत होता. दोमितिलाने कडू घोट तळापर्यंत ओढला. तुंबा परत देताना आभार मानले की आता पुरे, निघते, असा अर्थ होतो. तिने आभार न मानताच तुंबा पुढे केला आणि खांद्यावरची शाल उतरवून मांडीवर ठेवली.