वारसाला न मिळालेली शेती

मानकोलीची भातशेती केसरीनाथांनी गोदामवाल्यांना विकली, तेव्हा त्यांचा मुलगा दीपेश महिनाभर त्यांच्याशी बोलला नव्हता. मग त्याने तीच शेती मोबाइलवरच्या एका गेममध्ये उभी केली. बांध, विहीर, खाडीकडची वाट, सगळं होतं तसं. चार वर्षं तो त्यात रमला आणि गेल्या वर्षी कशेळीच्या पुलावर अपघातात गेला.

ती शेती केसरीनाथांना पहिल्यांदा दाखवली ती दीपेशच्या बहिणीने, उन्नतीने. मग रोज जेवण झालं की ते दीपेशच्या मोबाइलवर त्या बांधांवरून फिरू लागले. गेमचं खातं बाबांच्या नावावर करा, म्हणून उन्नतीने कंपनीला मृत्यूचा दाखला पाठवला आणि तिथेच घात झाला. उत्तर आलं: खातं फक्त वापरायला दिलेलं होतं, ते वारसाला मिळत नाही. खातेदार वारल्यामुळे बंद केलं आहे.

केसरीनाथांनी वारस दाखला घेऊन भिवंडी कोर्टातला वकील गाठला.

"पोराची जमीन बापाला न्हाय मिलत?"

"काका, याला अजून नीट कायदाच नाही. आणि दीपेशने त्यांच्या अटी मान्य केल्या होत्या."

"वाचल्या असतील त्यानं?"

"कोणीच वाचत नाही."

घरी उन्नती रडायला लागली. "बाबा, मी कळवायलाच नको होतं."

"तुझी चूक न्हाय, पोरी," केसरीनाथ म्हणाले. "खरी व्हती ती तर मीच विकली."