सातव्या नळीतला गोटा

सातवी नळी उलटी ठेवलेली आहे, हे ताईला मंगळवारी सकाळी साडेदहाला कळलं आणि तेव्हापासून तिला एका जागी बसवेना.

ताई गाळाचा अभ्यास करायची. घरी ती थोरली म्हणून ताई, आणि संस्थेतही शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांची ताईच. हजारो वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला अवाढव्य बर्फ कुठवर आला होता आणि कधी मागे हटला, हे तळ्यांच्या बुडाशी साठलेल्या गाळावरून शोधायचं, हे तिचं काम. तळ्यात पाइप ठोकून गाळ उपसायचा, मीटर-मीटरच्या नळ्यांत ठेवायचा, नळी उभी चिरायची आणि थर वाचायचे. बारीक पट्ट्यांची माती दिसली, की तिथे शांत पाणी होतं. दर वर्षाचा एक फिकट पट्टा उन्हाळ्याचा, एक काळसर हिवाळ्याचा. चिखल, वाळू आणि ओरखडे पडलेले गोटे असा राडारोडा दिसला, की तिथून बर्फ स्वतः घासत गेला होता.

त्या दिवशी शीतगृहातल्या जुन्या नळ्यांचे नव्याने फोटो काढायचे होते. तिने सातवी नळी टेबलावर घेतली, पात्याने वरची सुकलेली माती खरवडली, आणि पट्ट्यांमध्ये अंगठ्याएवढा एक गोटा उघडा पडला. तरंगत्या हिमखंडातून सुटून तळाशी पडलेला. असा गोटा मऊ चिखलावर पडला की त्याच्या खालचे पट्टे दबतात, गादीवर इस्त्री ठेवल्यासारखे. इथे मात्र वरचे पट्टे वाकले होते. खालचे सपाट.

"अरे देवा," ती मोठ्याने म्हणाली. शीतगृहात ऐकायला कुणी नव्हतं.

तिने भिंग लावून पट्ट्यांचे कण पाहिले. जड म्हणून आधी बुडणारे जाड कण वर, बारीक खाली. सगळंच उलटं. नळीच्या पाठीवर 'वर' असं लिहून बाण काढला होता. अक्षर तिचंच होतं, एकोणीस वर्षांपूर्वीचं, तळ्याकाठच्या तंबूत घाईघाईने काढलेलं.

त्या बाणावर एक अख्खा नकाशा उभा होता. सातव्या नळीत वर राडारोडा, खाली तळ्याची माती. तिच्यावरच्या सहाव्या नळीतही राडारोडाच. म्हणजे आधी तळं होतं, मग बर्फ आला, एकदाच. असं तिने आणि तिच्या सरांनी छापलं आणि सरांचं त्यावर नाव झालं. आता नळी सुलट केली, तर दोन राडारोड्यांच्या मधोमध सत्तर सेंटिमीटर तळ्याची माती येत होती. बर्फ येऊन गेला होता, त्याच्या जागी तळं झालं होतं, आणि मग तो पुन्हा आला होता.

ही चूक ती दुरुस्त करू शकली असती. पण प्रश्न होता गिरमिटाचा.

गिरमिट म्हणजे त्यांचा ड्रिलर. जमिनीत भोक पाडण्यात त्याचा हात कुणी धरत नसे, म्हणून हे नाव. त्याच तळ्याच्या पलीकडच्या काठावर त्याने दुसरा गाळ उपसला, तेव्हा त्यात राडारोड्याचे दोन थर निघाले होते. संस्थेच्या मीटिंगमध्ये सर म्हणाले, भोक ढासळलं असणार आणि याने एकच थर दोनदा वर काढला. फाइलमध्ये पत्र लागलं, 'निष्काळजी काम'. पुन्हा त्याला ना या संस्थेने बोलावलं, ना दुसऱ्या कुणी.

घरी ताई स्वयंपाकघरातून गॅलरीत आणि गॅलरीतून स्वयंपाकघरात फिरत राहिली. एकच कपाट तिने दोनदा आवरलं.

"बस गं जरा! भोवरा झालीयस नुसती," आई म्हणाली. "तुला बघून माझं डोकं गरगरतंय."

"आई, माझ्या चुकीपायी एका माणसाचं काम गेलं."

आईने हातातलं मासिक मिटलं. "त्याला माहितीय?"

"नाही."

"मग इथे काय येरझाऱ्या घालतेयस?"

आधी ती सरांकडे गेली. निवृत्तीनंतर सर गुलाबांच्या कुंड्यांत रमले होते. त्यांनी फोटो उन्हात धरला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"एका गोट्यावरून तू माझा नकाशा फाडणार?"

"कणही उलटे आहेत, सर. आणि नकाशा आपल्या दोघांचा आहे."

"मग दोघंही गप्प बसू शकतो."

"गिरमिट बरोबर होता, सर."

सरांनी कात्री उचलली आणि चांगली हिरवी फांदी छाटून टाकली. "मला आज बरं वाटत नाहीये," ते म्हणाले. ताई उठली.

गिरमिटाचा पत्ता मिळायला दोन दिवस गेले. तो एका पंप-दुरुस्तीच्या कारखान्यात होता. केस पांढरे, हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले. त्याने तिला लगेच ओळखलं. बस मात्र म्हणाला नाही.

तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. तो पंपाचा नट घट्ट करत ऐकत होता.

"एकच थर दोनदा!" अखेर तो म्हणाला. "अहो मॅडम, प्रत्येक पाइपवर खडूची रेघ मारायचो मी. ढासळलेलं भोक हाताला कळतं. तेव्हा हे सगळं सांगितलं होतं मी त्या मीटिंगमध्ये. तुम्हीही होतात तिथे."

"होते."

"तुम्ही काय म्हणालात तेव्हा?"

ताईने इतकी वर्षं या प्रश्नाला बगल दिली होती. "काहीच नाही."

"हां. तेच आठवतं मला." त्याने पाना खाली ठेवला. "सरांचं मी मनाला लावून घेतलं नाही, त्यांचा स्वभावच तसा. पण तुम्हाला तंबूत माझं काम दिसत होतं."

ती माफी मागायला लागली तसा त्याने ग्रीसचा हात वर केला. "ते राहू द्या. आधी ती नळी दाखवा."

शनिवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, त्यावर शीतगृहाचं ढगळ जाकीट. ताईने त्याला गोटा दाखवला. तो वाकून बराच वेळ पाहत राहिला. मग दोघांनी मिळून पट्ट्यांच्या जोड्या मोजायला घेतल्या, एक जोडी म्हणजे एक वर्ष. ती सुईने दाखवायची, तो आकडा बोलायचा. दोनदा चुकले, दोनदा पहिल्यापासून मोजलं.

"तीनशे बेचाळीस," तो म्हणाला. "म्हणजे एवढी वर्षं बर्फ गेलेला होता, आणि मग परत आला."

"हो."

"आणि माझ्या पाइपमध्ये त्याच्या दोन्ही फेऱ्यांचा राडारोडा आला होता." तो खुर्चीवर बसला आणि त्याने डोळ्यांवर मनगट दाबलं. ताई टेबलापाशी उभी राहिली.

जाताना त्याने एकच अट घातली. फाइलमधलं पत्र रद्द व्हायला हवं, आणि ते त्याच मीटिंगच्या खोलीत, सगळ्यांसमोर सांगायला हवं.

पुढच्या बुधवारी ताईने सांगितलं. बाण माझा, चूक माझी, ड्रिलरचं काम बिनचूक होतं आणि मी तेव्हा गप्प बसले. एवढं बोलताना ती तीनदा पाणी प्यायली. सर आले नाहीत. संचालकांनी पत्रावर रद्दचा शिक्का मारून सही केली. कुणीतरी टाळी वाजवली, तसा गिरमिट अवघडला आणि दाराकडे सरकला. सल्लागार म्हणून या, असं संचालकांनी सुचवलं तेव्हा तो म्हणाला, "गुडघे गेले साहेब, आता तळ्यात उतरवत नाही."

महिन्याभराने सरांची चिठ्ठी आली. 'छापण्याआधी मला वाचायला दे. मोजताना तू घाई करतेस.' ताईने ती दोनदा वाचली आणि मसुदा पाठवून दिला.

त्याच दुपारी ती घरी असताना गिरमिटाचा फोन आला. मागे कारखान्याची यंत्रं धडधडत होती.

"ताई," मॅडम सोडून तो पुन्हा पूर्वीसारखं म्हणाला, "त्या वर्षी उत्तरेकडच्या छोट्या तळ्यातूनही मी चार नळ्या काढल्या होत्या. त्या कुणी चिरल्या का?"

ताईने नोंदवही उघडली. "नाही. तशाच पडून आहेत."

"मग उद्या येऊ?"

"आजच या," ती म्हणाली, आणि फोन ठेवायच्या आधीच चप्पल शोधायला लागली.