राखेचे तीन कण

"ही डायल रंगवलेली हाय," त्रिंबक म्हणाला आणि त्याने मोबाइल अमरसिंहांना परत दिला. "घेऊ नका."

अमरसिंह केजहून खास यासाठी आले होते. शेतीवाडी मुबलक, माणूस हौशी, आणि तीन वर्षांपासून जुनी घड्याळं ऑनलाइन घ्यायचा नाद लागलेला. पण मागवण्याआधी फोटो त्रिंबकला दाखवायचा, हा त्यांचा नेम होता.

"आहो, पर किती कोरी दिसायली," ते हिरमुसून म्हणाले.

"तेच म्हणायलो मी. चाळीस वर्षांचं घड्याळ. भायेरची धातूची केस बघा, समदी घासलेली. काचंवर चरे. आन् डायल तेवढी नवरीवानी सजलेली. आसं आस्तंय का कुठं?" त्रिंबकने दोन बोटांनी फोटो मोठा केला. "ह्या मिनिटाच्या रेघा बघा. काही कडंला टेकल्या, काही आलीकडंच थांबल्या. कंपनीच्या छपाईत आसं होत न्हाई. आन् सहाच्या खाली बारीक अक्षरं आस्तेत, ती फुगलेत. रंगवणारा तिथंच थकतो."

रंगवणारा कुठे थकतो हे त्रिंबकला कसं ठाऊक, ते अमरसिंहांनी कधी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. त्याच्या आणि माझ्या दुकानात प्लायवूडची एक भिंत आहे. आज माझं झेरॉक्सचं दुकान असलं तरी पूर्वी तिथे माझा फोटो स्टुडिओ होता. मी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून लोकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण घालवायचो आणि पलीकडे त्रिंबक घड्याळांच्या तोंडावरचे डाग. हैदराबादला एका उस्तादाच्या हाताखाली तीन वर्षं काढून तो ही कला शिकून आला होता. डाग पडलेली डायल स्पिरिटने धुवायची, नवा रंग द्यायचा, चार केसांच्या ब्रशने रेघा आणि अक्षरं काढायची आणि वर लॅकरचा हात मारायचा. पुढे मोबाइल आला. लोकांनी घड्याळं काढून ठेवली आणि माझ्या स्टुडिओला कुलूप लागलं. आता त्याच मोबाइलने त्रिंबकला पुन्हा नाव मिळवून दिलं. पुण्या-नाशिकहून लोक फोटो पाठवतात आणि रंगवलेली आहे की अस्सल, ते हा सांगतो. रंगवायचा बोर्ड त्याने कधीच उतरवून ठेवला होता, आणि जुन्या धंद्याचा विषय काढलेला त्याला आवडत नसे. मी मात्र काढायचोच.

तेवढ्यात वनमालावहिनी दुकानाची पायरी चढून आल्या. आमच्या रामकिसनची बायको. रामकिसन थर्मलमध्ये, म्हणजे परळीच्या वीज केंद्रात, कामाला होता. ड्यूटी सुटली की त्रिंबकच्या बाकड्यावर अर्धा तास बसल्याशिवाय तो घरी जात नसे. दोन वर्षांपूर्वी गेला बिचारा. वहिनी त्यानंतर इकडे पहिल्यांदाच येत होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडून घड्याळ काढलं आणि काउंटरवर ठेवलं. एचएमटीचं, चावीचं, पांढऱ्या डायलचं. आम्ही सगळ्यांनी ते रामकिसनच्या मनगटावर जन्मभर पाहिलेलं होतं.

"त्रिंबकभाऊ, हे बघून एकदा सांगा," त्या म्हणाल्या. "आमच्या स्वप्नानं ह्याचा फोटो घड्याळवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. माझ्या आजोबांनी पप्पांना लग्नात दिलंतं, आसं लिहून. तर कुणीतरी खाली लिहिलं, ही रंगवलेली हाय, शेकंडहँड माल दिला आसंल आजोबांनी."

"लोक काय, काहीबी लिहितेत," मी म्हणालो.

"लोकांचं न्हाई हो. ते छबुबाईच्या नातवानं वाचलं. बारशात, समद्या पावण्यांमदी. छबुबाई म्हणली, मी चाळीस वर्षांपासून काय सांगायले मग?"

छबुबाई म्हणजे रामकिसनची थोरली बहीण. ही गोष्ट परळीत जुन्या लोकांना माहीत आहे. वहिनींचे वडील धुळाजी, धर्मापुरीकडचे शेरडं राखणारे. लेकीच्या लग्नासाठी त्यांनी नऊ शेरडं विकली, परळीत येऊन नवं घड्याळ घेतलं, आणि डबी अन् बिल दुकानातच ठेवून आले. मला घड्याळ पायजे, डबी कशाला, असं म्हणाले होते म्हणे. घड्याळ फेट्याच्या शेवात बांधून धर्मापुरीपर्यंत चालत गेले. त्यांना स्वतःला घड्याळातलं कळत नव्हतं. मांडवात त्यांनी फेटा सोडून घड्याळ बाहेर काढलं, तेव्हा छबुबाई सगळ्यांदेखत म्हणाली, डबी न्हाई, बिल न्हाई, कुणाचं तरी जुनं रंगवून आणलंय. धुळाजी सोडलेला फेटा गुंडाळत मांडवाच्या कडेला जाऊन बसले. नंतरही लेकीच्या घरी आले की ओसरीच्या कडेलाच टेकायचे.

अमरसिंहांना राहवलं नाही. त्यांनी घड्याळ उचलून उजेडात धरलं. नव्याने शिकलेल्या माणसाला आपली विद्या दाखवायची घाईच असते.

"रंगवलेलीच हाय ही. ह्या रेघा बघा की, मास्तर. तुमीच शिकवलंय."

वहिनींचा चेहरा एवढासा झाला. त्रिंबकने घड्याळ अमरसिंहांकडून काढून घेतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि डायल निरखली. मग मागचं झाकण उघडून आत पाहिलं. झाकण त्याने जरा जास्तच वेळ हातात धरलं. घड्याळजी घड्याळ उघडतो तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण आणि तारीख कोरून ठेवतो, ही या धंद्याची जुनी रीत. तिथे काय कोरलंय ते मला दिसत नव्हतं, पण त्रिंबकचा चेहरा दिसत होता.

"ओरिजनल हाय," तो म्हणाला.

"आसं कसं?" अमरसिंह म्हणाले.

"म्हणलो ना एकदा."

पन्नास वर्षांच्या शेजारात मी त्रिंबकला घड्याळाच्या बाबतीत खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. बाकी बाबतीत तो माझ्याइतकाच होता. वहिनींनी मात्र डोळे मिटून श्वास सोडला.

"मग तेवढं लिहून द्या, भाऊ. शिक्क्यानिशी. स्वप्ना ग्रुपवर टाकते म्हणली. परळीच्या त्रिंबक घड्याळजीचा कागद आसला तर समदे गप बसतेत म्हणं."

त्रिंबकने पॅड ओढलं. वर दुकानाचं नाव, खाली कोरी जागा. त्याने तारीख टाकली, 'लिहून देतो की' इथवर आला आणि पेन थांबलं. बोलून गेलेला शब्द हवेत विरतो, पण कागद कुणाच्याही हातात जातो आणि त्यावर आपलं नाव असतं. रस्त्यावरून एक ट्रक गेला, काउंटरच्या काचा थरथरल्या, तरी पेन तिथेच.

"परमेश्वर," तो मला म्हणाला, "अमरसिंहांना जरा चहाला घेऊन जा."

मी उठलो. अमरसिंहही उठले.

"न्हाई, ऱ्हाऊ द्या," त्रिंबक म्हणाला. "बसा. त्यांनीबी ऐकावं." त्याने वैजनाथाच्या देवळाच्या दिशेला हात जोडले. "रामकिसन, माफ कर बाबा. वहिनी, ही डायल रंगवलेली हाय. मीच रंगवली."

त्याने झाकण वहिनींपुढे धरलं. आत सुईने कोरलं होतं : त्रिं, ११-९१.

"तुमचे वडील गेले त्या साली. दिवसांना तुमी समदे धर्मापुरीला होता. एक करडू हिरीत पडलं, आठवतंय?"

"हे उडी टाकून गेलते," वहिनी हळूच म्हणाल्या.

"घड्याळासकट. ध्यानातच न्हाई ऱ्हायलं त्याच्या. पाणी गेलं आत, त्येनं दोन-तीन दिवस कुणाला दावलं न्हाई. माझ्याकडं आणलं तवा डायल काळीनिळी पडलेली. म्हणला, हिचा बाप आत्ताच गेला. त्याची निशाणीबी माझ्या हातानं गेली आसं कळलं तर ती पुन्हा रडत बसंल. हुती तशी कर, आन् हिला कदीच कळू देऊ नको. वैजनाथाची आण घातली मला."

"पट्टा तुटला म्हणून टाकलंय, आसं सांगितलंतं मला." वहिनी घड्याळाकडे बघत होत्या. मग त्यांचा आवाज चढला. "म्हंजे मी रोज पदरानं पुसत आले, आबाचं म्हणून, ते आबाचं नव्हतंच व्हय? तुमचं हुतं?"

त्रिंबक घाव बसल्यासारखा मागे सरला. "आतलं यंत्र आबाचंच हाय, वहिनी. तोंड तेवढं माझं."

"मग छबुबाई खोटं काय म्हणली? आदीपासून रंगवलेलं न्हवतं, हे कोण सांगणार आता?"

"मी सांगतो की. दुसरं हायच कोण? स्पिरिटचा बोळा फिरवला तवा कापसाला एकच रंग लागला. कंपनीचा. कुणी आदी हात लावलेला आसता तर दोन थर निघाले आसते. धुळाजीनं नवं घड्याळ आणलंतं. कोरं करकरीत. मी ह्या डोळ्यांनी बघितलंय, आन् ह्याच हातानं पुसलंय."

वहिनींनी पदर तोंडाशी नेला. मला फेट्याच्या शेवाला गाठ मारून पायी निघालेले धुळाजी दिसायला लागले आणि मी उगीच काउंटर पुसला.

"मास्तर," अमरसिंह चाचरत म्हणाले, "तुमी सवता रंगवायचे?"

"रंगवायचो. म्हणून तर वळखू येतंय. आन् माझी तर लगेच येते." त्याने भिंग वहिनींच्या हातात दिलं. "चारच्या आकड्यापाशी बघा. बारीक कण दिसतेत?"

वहिनींना भिंग धरता येईना. शेवटी दिसलं. "तीन हायेत. करड्या रंगाचे."

"राख. थर्मलच्या धुराड्याची. तवा परळीत वाळत घातलेल्या कपड्यांवर, भाकरीच्या टोपल्यावर, समदीकडं राख. लॅकर वाळंपर्यंत डायलीवर मी काचंचा गिलास उपडा घालायचो. तरीबी दोन-चार कण शिरायचेच. हैदराबादला नेऊन दावली की उस्ताद म्हणायचे, तेरी डायल मैं अंधेरे में पहचान लूँगा."

मग त्याने पेन उचललं. पहिला कागद फाडला आणि दुसरा घेतला. न थांबता लिहिलं, आणि वाचून दाखवलं : "लिहून देतो की, सन १९८४ साली धुळाजी यांनी जावयास दिलेले हे घड्याळ नवे व कंपनीचे होते. सन १९९१ मध्ये पाणी गेल्याने डायल खराब झाली, ती मी रंगवली. त्यापूर्वी तिला कोणाचाही हात लागलेला नव्हता. रंगकाम माझे असून त्यातील चुका माझ्या आहेत." खाली सही आणि शिक्का.

त्या एका कागदाने त्रिंबकचं नाव घड्याळवाल्या लोकांत काय होणार, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. अमरसिंहांनी तर खाली मान घातली होती.

वहिनींनी कागद माझ्याकडे दिला. "ह्याच्या दोन झेरॉक्स काढा, भाऊ. एक स्वप्नाला, एक छबुबाईला. छबुबाईची मोठ्या अक्षरात काढा. तिला कमी दिसायलंय."

मी छबुबाईची प्रत मोठ्यात मोठ्या कागदावर काढली. इतकी मोठी की ती भिंतीवर लावता आली असती. परत आलो तेव्हा त्रिंबकने झाकणात जुन्या खुणेखाली आजची तारीख कोरली होती आणि घड्याळ बंद करून चावी दिली होती. ते चालत होतं.

वहिनी उठल्या नाहीत. "भाऊ," त्या म्हणाल्या, "आबानं आणलेली ती डायल कशी हुती हो? मी नवी नवरी, मान वर करून बघितलंच न्हाई. पुढं रोज हातावर दिसायची, तर कोण निरखून बघतंय. शेवटची तुमीच बघितली."

त्रिंबकने भिंग काढून ठेवलं. "कडंला थोडी शाबूत ऱ्हायलीती. निस्ती पांढरी न्हवती. दूध तापवून ठेवलं की वर साय धरती बघा, तसा रंग. उजेडाला आडवी धरली की जरा पिवळी, उभी धरली की पुन्हा पांढरी. मी आठ दिवस रंग घोटत हुतो. रामकिसन रोज संध्याकाळी येऊन इथं बाकड्यावर बसायचा आन् इचारायचा, जमला का." त्याने रिकाम्या बाकड्याकडे बघितलं. "न्हाई जमला, वहिनी. त्याला म्हणलो जमला म्हणून."

वहिनींनी मान हलवली. घड्याळ उचलून त्यांनी आपल्या मनगटात चढवलं, बांगड्यांच्या वर. रामकिसनचं मनगट आडदांड होतं. पट्टा त्याच्या भोकावर लावल्याबरोबर घड्याळ गरकन फिरून आतल्या बाजूला गेलं. त्यांनी ते सरळ केलं, ते पुन्हा फिरलं.

"द्या, आणखी एक भोक पाडून देतो," त्रिंबक म्हणाला आणि हातोडी शोधायला लागला.

"नको," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्याच भोकावर ऱ्हाऊ द्या."

त्यांनी घड्याळ कोपरापर्यंत वर सरकवलं, तिन्ही कागदांची घडी घातली आणि त्या पायरी उतरून गेल्या.