नळीवरचा पांढरा डाग

मित्रांनो, मी एक जुना, खिशात मावणारा कॅमेरा आहे, आणि मला मुद्दाम बिघडवलेलं आहे.

पहिली आठ वर्षं मी वाढदिवस टिपले. मग एका टेबलाच्या खणात पडून राहिलो. मग चर्चच्या जुन्या सामानाच्या खोक्यात. तिथून मला केर्तूनं उचललं. ती उत्तर मिशिगनमधल्या आमच्या बर्फाळ गावात टपाल वाटते आणि सुट्टीत कॅमेरे मोडते. मोडते नाही, तिच्या भाषेत 'वाकवते'.

तिनं माझं पोट उघडलं. भिंगामागची निळसर काच काढून टाकली आणि पुढे जुन्या फिल्मचा काळा तुकडा चिकटवला. दोन तारा जोडून पाठीवर एक बटण बसवलं. तेव्हापासून तुमच्या डोळ्यांना न दिसणारा उजेड मला दिसतो. झाडं पांढरी, आकाश काळं, माणसं मेणाची. बटण दाबलं की चित्रभर पट्टे धावतात. केर्तूच्या, असेच कॅमेरे वाकवणाऱ्यांच्या मंडळात त्याला 'गोड बिघाड' म्हणत.

मंडळाचा नियम एकच. वाकवलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रात 'हे काय आहे?' असं विचारायचं नाही. जे उमटेल ते सुंदर.

माझं फार कौतुक झालं. तिथेच घात झाला.

डिसेंबरातला शनिवार. केर्तूचे वडील रेनो, वय चौऱ्याहत्तर, दर शनिवारी दुपारी अंगणातल्या सौनाची, म्हणजे वाफेच्या स्नानाच्या खोलीची, शेगडी पेटवत. ती लाकडी खोली त्यांनीच बांधलेली. केर्तूनं मला त्यांच्यावर रोखलं.

"अगं, कधीतरी धड कॅमेऱ्यानं काढ की. यात मी मेल्यासारखा दिसतो."

"बाबा, हलू नका. मेलेली माणसं हलत नाहीत."

चित्र १. रेनो. शेगडी. धुराची नळी छतात शिरते तिथे नाण्याएवढा पांढरा डाग.

बटण बंद होतं, मित्रांनो.

पुढचा शनिवार. चित्र २. डाग तळहाताएवढा.

"वा! कसला गोड बिघाड!" केर्तूचा मित्र डेस्मंड म्हणाला. "तुझा कॅमेरा तापलाय वाटतं."

मी नाही, नळी तापली होती; तापल्या लोखंडाचा न दिसणारा उजेड मला दिसत होता. आतून काजळी साचून पेटत होती. पण मला तोंड नाही. केर्तूनं मला डावीकडे सरकवलं, उजवीकडे सरकवलं. बिघाड माझ्यात असता तर डाग माझ्याबरोबर सरकला असता. तो नळीवरच राहिला. तिनं ते पाहिलं.

"किती चिवट आहे बघ!" ती हसून म्हणाली. ते चित्र वाचनालयाच्या भिंतीवर लागलं.

तिसरा शनिवार. केर्तूनं मला सौनाला लागून असलेल्या कपडे बदलायच्या खोलीत फळीवर ठेवलं, दर मिनिटाला एक चित्र, आणि ती कॉफी करायला घरात गेली. काचेच्या दारापलीकडे रेनो, पाठमोरे.

चित्र ७. डाग नळीवर.

चित्र ९. डाग छताच्या फळीवर.

चित्र १०. दोन फळ्या. रेनो वाफेसाठी शेगडीवरच्या दगडांवर पाणी टाकतायत.

चित्र ११. सगळं पांढरं.

चित्र १२. उघडं दार. केर्तूचा हात.

तिच्या कोपराचा धक्का लागून मी बाहेर बर्फात पडलो, म्हणून वाचलो. तिनं वडिलांना ओढून काढलं. त्यांनी जळती फळी दोन्ही हातांनी अडवली होती. ते हात आता कपसुद्धा धरत नाहीत.

मित्रांनो, आम्हा मोडक्यांना हवं तर दुरुस्त करू नका. आमच्यावर हसलात तरी चालेल. पण एकच डाग एकाच जागी दुसऱ्यांदा दिसला, तर आमच्याकडे नको, त्या जागेकडे बघा.

घरातल्या बैठकीत आता नवी शेगडी आहे. ती पेटली की केर्तू मला नळीवर रोखते. डावीकडे सरकवते. उजवीकडे सरकवते. वाचनालयातलं चित्र तिनं स्वतः उतरवून आणलंय. ते भिंतीकडे तोंड करून उभं आहे.

"काय दिसतंय?" रेनो खुर्चीतून विचारतात.

"काळं आहे, बाबा. सगळं काळं."

"पुन्हा बघ."