सेफ्टी लावलेली होती

ट्वायला बोलियार्डने रायफल माझ्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात बाकावर ठेवली आणि बोल्ट, म्हणजे नळीत काडतूस सारणारा दांडा, मागे ओढून नळी रिकामी असल्याचं दाखवलं. आमच्या डोंगरात बंदूक दुसऱ्याच्या हाती द्यायची हीच रीत. या एकोणीस वर्षांच्या पोरीने ती कधी चुकवली नव्हती.

"विकून टाका, मिस्टर व्हर्जिल. मला ही घरात नको."

"बापाला विचारलंस का?"

"डॅडी म्हणतात ठेव. पण ते लंगडत स्वयंपाकघरात येतात ना, तेव्हा..." वाक्य अर्धं टाकून ती गाडी काढून निघून गेली.

नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीच्या पहिल्या सकाळी, ट्रकच्या मागे उभं राहून ट्वायलाने मॅगझिन बसवलं, बोल्ट सोडला आणि गोळी सुटली. नळी जमिनीकडेच होती, पण तिचा बाप डेन्झिल नेमका तेव्हा थर्मास घ्यायला पलीकडून आला. डाव्या पायाची तीन बोटं गेली. सेफ्टी लावलेली होती, असं ती आल्यागेल्याला सांगत राहिली. कोण ऐकतंय? महिन्याभराने तिने सांगणं सोडलं. बहुतेक तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. मीसुद्धा हॉस्पिटलात तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो होतो, "होतं असं, पोरी. विसरतो माणूस." काय तो माझा मोठेपणा!

विकण्याआधी तपासणं भाग होतं. मी नकली काडतूस घातलं, सेफ्टी लावली, ट्रिगर ओढून पाहिला. तो जागचा हलला नाही. मॅगझिन नीट बसत होतं, बोल्ट अडवणारं बटणही ठीक होतं. मग बोल्ट मागे ओढून सोडायला लागलो. पाच वेळा काही झालं नाही. सहाव्यांदा आत 'टक्' झालं.

माझा हात थांबला. ट्रिगरला बोट नव्हतं. सेफ्टी लावलेलीच होती, पण ती अडवते फक्त ट्रिगर. आतला घोडा ज्या दातावर अडकून राहतो, तो दातच बोल्टच्या धक्क्याने सटकून घोडा पडला होता; खरं काडतूस असतं तर गोळी सुटली असती.

रायफल खोलली. दात कानशीने घासून घासून नको इतका बारीक केलेला. कानस माझीच. डेन्झिलला लेकीसाठी ट्रिगर हलका हवा होता, आणि शिकारीच्या आदल्या शनिवारी माझ्याकडे वीसेक रायफली पडून होत्या. असं काम केलं की सेफ्टी लावून दहा वेळा बोल्ट सोडायचा, मगच तपासणीच्या चिठ्ठीवर सही करून ती ट्रिगरच्या कडीला बांधायची, हा माझा तीस वर्षांचा नियम. त्या दिवशी वेळ वाचवायला मी सगळ्या चिठ्ठ्यांवर सकाळीच सह्या ठोकून ठेवल्या होत्या. ही रायफल घासली, चिठ्ठी बांधली, पुढची घेतली. एकदाही बोल्ट सोडून पाहिला नाही.

मला माझी शिसारी आली. तरी खोटं कशाला बोलू, नवा दात मी खोक्यातून काढून हातात घेतला होता. दहा मिनिटांचं काम. कोणाला काही कळलं नसतं आणि दुकानाचं नावही राहिलं असतं. बराच वेळ तो तसाच हातात धरून बसलो होतो.

शेवटी जुनाच दात परत बसवला आणि दुसऱ्या दिवशी ट्वायलाला बोलावून सगळं सांगितलं. वाटलं, रडेल, नाहीतर पाना उचलून डोक्यात घालेल. घातला असता तर बरंच झालं असतं.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "गावाला सांगा."

शनिवारी फायर स्टेशनच्या हॉलमध्ये अख्खं गाव बकव्हीटच्या पिठाचे पॅनकेक आणि सॉसेज खायला जमतं. मी रायफल घेऊन आत गेलो, मागोमाग ट्वायला. नळी रिकामी असल्याचं दाखवून रायफल टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. चूक माझी, पोरीची नाही.

माझं जुनं गिऱ्हाईक होबार्ट तोंडातला घास न गिळताच हसला. "व्हर्ज, तू देवमाणूस आहेस लेका! पोरीसाठी इतकं खोटं?"

"खोटं नाही, होबार्ट."

"तुझ्या हातून? जा रे. माझ्या आजोबांची बंदूक तू दुरुस्त केलीस. बस, पॅनकेक खा."

सगळे मान हलवू लागले. कोणीतरी माझ्या पाठीवर थापही मारली. ट्वायलाचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या चांगल्या नावानेच तिला पुन्हा खोटं पाडलं होतं.

मी नकली काडतूस सगळ्यांना दाखवून आत घातलं, सेफ्टी लावली आणि बोल्ट सोडला. काही नाही. पुन्हा, पुन्हा. आठ झाले तसे लोक आपापल्या ताटाकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे माझंच काम वाईट निघू दे म्हणून मागत होतो.

अकराव्यांदा 'टक्' झालं.

टेबलाशी बसलेल्यांचे काटे थांबले. डेन्झिल कोपऱ्यातून काठी टेकत आला आणि लेकीशेजारी उभा राहिला. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती. माझी तरी कुठे होत होती? मला वाटलं, झालं, सुटलो. मी रायफल उचलायला हात पुढे केला.

ट्वायलाने माझं मनगट धरलं.

"पुन्हा करा," ती म्हणाली. "होबार्टचं लक्ष ताटात होतं."