पोरासमोर दिलेलं उत्तर

गोदूआजीच्या सुकापूरच्या फ्लॅटात कॉलेजचा सर्व्हे घेऊन आलेली रंजिता म्हाताऱ्यांना मरणाबद्दल विचारत होती. पोर तशी गोड होती. "आजी, शेवटच्या आजारात नळ्या, मशीन लावायला तुम्ही सहमत की असहमत?"

गोदूआजीचं उत्तर नवरा गेला तेव्हापासून तयार होतं. आयसीयूत त्याने नळ्या ओढू नयेत म्हणून त्याचे हात पलंगाला बांधले होते. तो नुसता तिच्याकडे बघत राहायचा. तिला घरीच मरायचं होतं.

ती तोंड उघडणार तोच मुलगा प्रदीप सोफ्यावरून म्हणाला, "यात इचारायचं काय, मॅडम? बाबांसाठी आमी काय पण कमी केलं नाय. शेवटपर्यंत मशीनवर ठेवलं त्यांना." बोलता बोलता त्याचा आवाज रडवेला झाला, लहानपणी पडल्यावर व्हायचा तसा.

आता 'नको' म्हणायचं म्हणजे, बापाचे हाल तूच केलेस, असं त्याला तोंडावर सांगायचं.

"आजी, काय लिहू?"

"सहमत," ती म्हणाली. "पूर्ण सहमत लिव, बाय."

प्रदीपने डोळे पुसले आणि आईला कुठल्या मोठ्या हॉस्पिटलात नेणार, ते रंजिताला हौसेने सांगू लागला.